उसनं हसू

सोमवार, ४ मार्च

सकाळी संपादकाचा फोन. हा संपादक माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आहे आणि बोलताना सारखा घड्याळाकडे बघतो, म्हणून मी मनातल्या मनात त्याला 'काटा' म्हणतो. काटा म्हणाला, "सर, शुक्रवारपासून केबलवर ती नवी कॉमेडी सुरू होतेय, 'दार लावून घ्या'. फक्त मोठ्यांसाठी. रविवारचा कॉलम त्याच्यावरच हवा."

मी म्हटलं, "मोठ्यांसाठी म्हणजे किती मोठ्यांसाठी? मी एकसष्टचा आहे."

तो हसला नाही. घड्याळ बघत असणार.

माहिती अशी की सहा भाग आहेत, जानेवारीतच चित्रित करून ठेवलेले. पस्तीस वर्षं संसार केलेलं एक जोडपं, एक बेडरूम, आणि एरवी घरात कुणी बोलत नाही ते सगळं. गाजलं तर चॅनेल पुढचे भाग काढणार, नाहीतर सहाव्या भागानंतर गाशा गुंडाळणार. लेखकाचं नाव 'तिऱ्हाईत'. ज्याला स्वतःचं नाव द्यायची लाज वाटते त्याच्याबद्दल मी आधीच काही म्हणत नाही, पण वाटायचं ते वाटलंच.

हिला सांगितलं. ही मटार सोलत होती. एक दाणा टेबलाखाली गेला, तो शोधायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. कंबर धरली असावी. या वयात जपून वाकायला हवं.

झोपण्याआधी दाराची कडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि खात्रीसाठी आणखी एकदा. पँटची घडी इस्त्रीच्या रेषेवर बसवली, चष्मा डबीत ठेवला, डबी खणात. आत गेलो तोवर ही झोपली होती.

मंगळवार, ५ मार्च

ही शिवणाच्या वर्गाला गेली. मंगळवार आणि गुरुवार, दोन ते पाच. आठ महिने झाले, अजून घरात उशीचा एक अभ्रा आलेला नाही. शिकवणारी कच्ची दिसते. पण मी बोलत नाही. येताना खुशीत असते, तेवढं पुरे.

बुधवार, ६ मार्च

चॅनेलकडून पहिल्या भागाची सीडी आली. आम्ही समीक्षक मंडळी प्रेक्षकांच्या दोन दिवस आधी बघतो. काचेवर ऊन येतं म्हणून दुपारी पडदे ओढले आणि बसलो.

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मला विनोद कळतो, पण हसू येत नाही. कॉलम सुरू केला त्याच महिन्यात हे ध्यानात आलं आणि घाम फुटला. मग युक्ती सापडली. ही शेजारच्या खुर्चीत काहीतरी निवडत-सोलत बसते आणि मी माझ्या टिपणवहीच्या समासात रेघा मारतो. नुसतं 'हूं' केलं तर अर्धी रेघ, आवाज करून हसली तर एक, रुमालाने डोळे पुसले तर दोन. वीसच्या वर रेघा गेल्या की मालिका उत्तम. दहाच्या खाली राहिल्या की तिची धडगत नाही. बावीस वर्षांत हे माप चुकलेलं नाही. लोक म्हणतात, विनोदाची नाडी यांच्याइतकी कुणाला सापडत नाही. ती नाडी शेजारच्या खुर्चीत असते, हे कुणालाच माहीत नाही. हिलासुद्धा नाही.

ऐन मध्यावर बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या होत्या. ओढलेल्या पडद्यांकडे बघत म्हणाल्या, "भरदुपारी अंधार केलाय? बरं आहे ना सगळं?" नेमक्या त्याच क्षणी आतून टीव्हीतली बाई ओरडली, "अहो, आता तरी या ना!" वहिनी वाटी माझ्या हातात कोंबून दोन-दोन पायऱ्या एकदम चढून गेल्या.

भागात घडतं असं, की मुलं दोन दिवस बाहेरगावी गेलेली असतात. बायको म्हणते, "आज घरात आपण दोघंच." नवरा म्हणतो, "मग पंखा पुसून घेऊया का?" ती नवा गाऊन घालून येते. तो विचारतो, "याचा रंग जातो का गं? पडद्यांबरोबर धुवायला नको." शेवटी गडी तयार होतो, पण आधी कडी तीनदा तपासतो, पँटची घडी घालतो, चष्मा डबीत ठेवतो, आणि तोवर बायको घोरायला लागलेली असते.

रेघा शून्य. ही एकदाही हसली नाही. मांडीवरच्या मटारच्या शेंगा तशाच राहिल्या. ओठ मात्र हलत होते, मनात सामानाची यादी करत असावी. हिला इतका कंटाळा आलेला मी कधी पाहिला नव्हता.

म्हटलं, "कसं वाटलं?"

"तुम्हाला?" तिने उलट मलाच विचारलं.

"माणूस पटत नाही. इतका अरसिक माणूस जगात असेल का?"

ती म्हणाली, "असतात हो एखादे," आणि शेंगा घेऊन आत गेली.

रविवार, १० मार्च

कॉलम छापून आला. मथळा माझाच, 'दार लावलं, हसू बाहेरच राहिलं'. शेवटचं वाक्य जमून गेलंय: "तिऱ्हाईत यांनी नाव लपवलं ते ठीक केलं, मालिकाही लपवली असती तर उपकार झाले असते." काट्याने फोन करून शाबासकी दिली, तीही पूर्ण अर्धा मिनिट.

हिने चहा घेता घेता वाचला. दोनदा वाचला. पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयत." चहात साखर नव्हती. मी काही बोललो नाही, उगाच कशाला.

दुपारी लेकीचा फोन आला. तिचा आवाज चढलेला. "बाबा, तुम्ही हसलात का नाही तो भाग बघताना?"

"अगं, तुझी आईसुद्धा हसली नाही."

"मी तुम्हाला विचारतेय. आईला नाही."

म्हटलं, रेंज नाही.

मंगळवार, १२ मार्च

ही शिवणाच्या वर्गाला गेली नाही. विचारलं तर म्हणाली, "राहू दे. मला नाही जमत ते." मी म्हटलं, "बरं केलंस, ती बाई तुला काही शिकवतच नव्हती." त्यावर ही उठून बाल्कनीत गेली. कपडे वाळले आहेत का ते बघायला गेली असेल, पण दोरीवर कपडे नव्हते.

शनिवार, १६ मार्च

मालिकेवरून गावभर रणकंदन चाललंय. दुसऱ्या पेपरातल्या समीक्षकाने (नाकावर चष्मा आणि चष्म्यावर नाक अशी मूर्ती) 'संस्कारांची होळी' असं आठ कॉलमी ठोकलंय. मला माहीत आहे, तो स्वतः पहिल्या रांगेत बसून बघणारा. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. एका रेडिओवालीने मात्र मालिका डोक्यावर घेतलीये. पालकांच्या एका मंडळाने चॅनेलच्या दारात फलक धरले. त्यातल्या एका आजोबांना वार्ताहराने विचारलं, "तुम्ही बघितलीत का?" आजोबा म्हणाले, "दोन्ही भाग. तिसरा बघितल्याशिवाय नीट निषेध करता येणार नाही."

आमच्या पेपरात एकशे बारा पत्रं आली. एका बाईंनी एकच ओळ लिहिलीये: "माझे मिस्टर पंखा पुसतात." काट्याने ती चौकटीत छापली.

दुसऱ्या भागाची सीडी बुधवारी आली होती. हिला म्हटलं, चल बसूया. म्हणाली, "डोकं दुखतंय, तुम्ही बघा." माप नसताना बघून काय उपयोग? मी बघितलीच नाही. या रविवारी बातम्या सांगणाऱ्या मुलींच्या केशरचनांवर लिहून वेळ मारून नेलीये.

सोमवार, १८ मार्च

आज प्रयोग करून पाहिला. माझ्याकडे एक जुनी हुकमी कॅसेट आहे, त्यात एक जाडा माणूस शिडी घेऊन फिरत्या दारातून जायला बघतो. हिच्या दरवेळी किमान सहा रेघा ठरलेल्या. लावली. शिडी अडकली, जाडा अडकला, पोलीस अडकला. ही भिंतीकडे बघत होती. संपल्यावर म्हणाली, "छान आहे."

पहिल्यांदा मनात आलं, आता माझ्या कॉलमचं काय होणार. मग स्वतःचीच लाज वाटली. कॉलम गेला खड्ड्यात. या घरात आठ दिवस कुणी हसलेलं नाही, आणि ते मला आत्ता, वहीचा समास कोरा राहिला तेव्हा कळतंय. हिला बरं नाही. कुठे दुखतंय ते सांगत नाही. मला भीती वाटते.

मंगळवार, १९ मार्च

ही चार दिवस लेकीकडे राहायला गेली. मीच म्हटलं, हवापालट होईल. बॅग भरताना म्हणाली, "अहो, एक विचारू? मी समोर नसते ना, तेव्हा तुम्हाला कशाचं हसू येतं?"

मी म्हटलं, "तू समोर नसतेस तेव्हा मी हसायचा विषय कुठे येतो?"

माझ्याकडे जरा बघत राहिली आणि जिना उतरून गेली. मला वाटतं मी काहीतरी छानच बोललो, पण नक्की काय ते कळलं नाही.

बुधवार, २० मार्च

तिसऱ्या भागाची सीडी. घरात मी एकटा. टिपणवही घेतली आणि समोर रिकामी खुर्ची बघून परत ठेवून दिली. मग नुसताच बसलो.

त्या दोघांचे दोन वेगळे पलंग असतात. ती म्हणते, जोडूया. जोडतात. मधे फट राहते. तो आधी टेप आणून फट मोजतो. मग दोघं जवळ सरकतात आणि दोघंही एकदम त्या फटीत जातात. वर चार हात, चार पाय. हलता येईना. तेवढ्यात मुलीचा फोन येतो. तो कसाबसा उचलतो. मुलगी विचारते, "बाबा, काय करताय?" आणि तो इतका सभ्य चेहरा करून म्हणतो, "काही नाही, बसलोय."

मी हसलो.

म्हणजे आधी नाकातून काहीतरी आवाज आला, मला वाटलं शिंक आहे. मग पोटातून आलं. मग थांबेचना. सीडी मागे नेऊन "बसलोय" चार वेळा ऐकलं आणि चारही वेळा खुर्चीचा हात धरावा लागला. डोळ्यांतून पाणी आलं. रुमाल सापडला नाही तर पडद्यालाच पुसलं. बेल वाजली. वरच्या वहिनी दारात. "भाऊजी, पडलात का? कसला आवाज येतोय?" म्हटलं, "काही नाही वहिनी, बसलोय," आणि तिथेच दाराला धरून पुन्हा सुरू झालो. त्या 'डॉक्टरांना बोलावू का' म्हणाल्या.

आमच्याही पलंगाला पहिल्या घरात अशीच फट होती. अडकलोही होतो. ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांच्याच पलंगाला फट असते म्हणायची.

नंतर दुसरा भाग बघितला, मग पहिला पुन्हा. पहिलाही चांगला आहे. पंख्याच्या वाक्याला तर मी टाळीच वाजवली. म्हणजे मी एका चांगल्या मालिकेचा गळा कापला, तोही स्वतः न बघता. बघितली मी, पण डोळे सगळा वेळ शेजारच्या खुर्चीकडे होते.

गुरुवार, २१ मार्च

काट्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, चॅनेल सोमवारी ठरवणार, पण ठरल्यातच जमा आहे. मालकाच्या टेबलावर तुमचं कात्रण पडलंय. तो म्हणे, निषेधाची मला भीती नाही, पण यांनी हसू येत नाही म्हटलं म्हणजे नाहीच येणार."

मी म्हटलं, "रविवारी मी माझं मत मागे घेतोय."

बावीस वर्षांत मी स्वल्पविराम मागे घेतलेला नाही. काटा म्हणाला, "कारण काय देणार?"

"खरं."

ते सांगितलं. काटा पहिल्यांदाच घड्याळ विसरला. "सर, लोक तुमची टर उडवतील. समीक्षक म्हणून तुम्ही संपाल."

संपेन कदाचित. रात्री दोनदा उठून पाणी प्यायलो. गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही. पण त्या तिऱ्हाईताने कुठेतरी बसून माझा लेख वाचला असेल, आणि लिहिणं सोडून दिलं असेल, हे डोक्यातून जात नाही. कोण कुठला, मला काय त्याचं? पण जात नाही.

रविवार, २४ मार्च

छापून आला. मथळा 'उसनं हसू'. सगळं लिहिलंय, रेघा, अर्ध्या रेघा, रुमाल. लिहिलंय की बावीस वर्षं मी बायकोच्या जिवावर विनोदी माणूस म्हणून मिरवलो, या एका मालिकेला मी स्वतःच्या तोंडाने हसलो, आणि ती पुढे चालू राहिली पाहिजे. शेवटी तिऱ्हाईत यांची माफी मागितली आहे.

पेपर दारात पडला तेव्हा उचलायची हिंमत होईना. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने आरशातून माझ्याकडे बघत नुसतं एक बोट उभं करून हवेत रेघ मारली. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं खरं.

दुपारी किल्लीचा आवाज आला. ही, एक दिवस उशिरा, हातात बॅग आणि काखेत पेपर. चपलाही न काढता म्हणाली, "अहो, इतकं सगळं छापायची काय गरज होती?"

"खरं होतं म्हणून."

"आणि सीडी तुम्ही एकट्याने बघितलीत? मी नसताना?"

"हो."

"आणि हसलात? कुठे?"

मी तिला तो "बसलोय" करून दाखवला, जमिनीवर बसून, हातपाय वर करून. आणि ही हसली. बॅग टाकून, भिंतीला टेकून, रुमाल काढून हसली. पेन शर्टाच्या खिशातच होतं. काढायचं सुचलं नाही.

मंगळवार, २६ मार्च

चॅनेलने आणखी बारा भाग मागवले. काट्याकडे साडेतीनशे पत्रं आली आहेत, त्यात टर उडवणारी चाळीसच. एका गृहस्थाने कळवलंय की तो तीस वर्षं बायकोच्या जिभेवर हॉटेलांची समीक्षा करतोय. माझा कॉलम राहिला.

आणखी एक चांगली बातमी. हिने शिवणाचा वर्ग पुन्हा सुरू केला. म्हणाली, आता आणखी तीन महिने जावं लागेल. मी म्हटलं, जा, आता एखादा अभ्रा होऊनच जाऊ दे.

बुधवार, १० एप्रिल

आज सहावा भाग. दोघांनी मिळून बघितला. टिपणवही घेतली नाही.

शेवटच्या प्रसंगात नवरा झोपलेला असतो. बायकोला त्याच्या उशीखाली एक वही सापडते. उघडते तर पानोपान समासात रेघा. अर्ध्या, पूर्ण, कुठे दोन-दोन. ती त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते आणि हळूच म्हणते, "हा माझं हसणं मोजतो. याला वाटतं मला माहीत नाही. सुरुवातीला मी खरीच हसायचे. मग एकदा दाढ दुखत होती, नाही हसले. तर बिचारा कोरं पान घेऊन पहाटेपर्यंत टेबलाशी बसला. तेव्हापासून जरा जास्तच हसते. पान लवकर भरतं, हा लवकर झोपायला येतो."

तिकडे दिवा मालवला. नावं वर सरकायला लागली. मी हिशोब करत होतो, आणि माझा हिशोब फार हळू चालतो.

"अगं, हे भाग जानेवारीत चित्रित झालेत ना?"

"हो."

"माझा रेघांचा लेख मार्चमधला."

"हो."

"आणि त्यांच्या पलंगाची फट."

"ती आपली. पहिल्या घरातली." ही शेंगा सोलत होती. हात थांबला नव्हता.

"मग तो शिवणाचा वर्ग..."

"अहो, मला चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही. घरातली बटणं तुम्हीच लावता. आठ महिन्यांत तुमच्या मनात एकदाही आलं नाही?"

नाही आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही पेपरातून. मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस? लेकीला माहीत होतं?"

"होतं. मीच बोलू नको म्हटलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही एक तर गोड लिहिलं असतंत, नाहीतर निःपक्षपाती दिसावं म्हणून मुद्दाम कडू. मला तुमचं खरं हवं होतं." पुढची शेंग उचलत म्हणाली, "पहिल्या दिवशी इतकी भीती वाटत होती की हसायचं नाटकसुद्धा जमलं नाही. आणि तुम्ही म्हणालात माणूस पटत नाही."

मग सगळ्यात महत्त्वाचं तेच विचारलं. "बावीस वर्षांतल्या खोट्या रेघा किती?"

ही म्हणाली, "मला काय माहीत? मोजायचं काम तुमचं."

यावर मी किती वेळ हसलो ते लिहीत नाही. वरच्या वहिनींनी या वेळी बेल वाजवली नाही.

काट्याला फोन करून सांगितलं की या मालिकेवर यापुढे दुसऱ्या कुणाला लिहायला सांग. का, म्हणाला. म्हटलं, घरचा मामला आहे. त्याला घाई होती, पुढे विचारलं नाही.

झोपण्याआधी कडी एकदाच पाहिली. पँट खुर्चीवर तशीच टाकली, चष्मा कुठे ठेवला आठवत नाही. आत गेलो तेव्हा ही जागी होती.